स्वित्झर्लंडची टूर : तिकिटाआधीची तयारी

आपल्या कपडा बाजारात पूर्वी परदेशी जाणे म्हणजे हज, उमराह, नाही तर दुबई. अलीकडे चित्र पालटले आहे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीचे व्यापारी उन्हाळ्याच्या सुट्टीत बिऱ्हाडासह युरोपला निघू लागले आहेत आणि त्यातही पहिली पसंती स्वित्झर्लंडला. झुरिचला उतरायचे, लुसर्नचे तळे, टिटलिसचा बर्फ, युंगफ्राउची रेल्वे, ऱ्हाइन नदीचा धबधबा असे सात-आठ दिवस बसमधून फिरायचे आणि परत यायचे, असा या टूरचा साधारण साचा असतो. हिंदी चित्रपटांनी हा मुलूख आपल्या घराघरात पोहोचवला. इंटरलाकेनला यश चोप्रा यांचा पुतळाही उभा आहे.

पैसा जमला म्हणजे तयारी झाली, असा आपल्याकडे समज आहे. त्याला कारण उमराहच्या टूरची सवय. तेथे पासपोर्ट आणि फोटो टूरवाल्याच्या हाती दिला की बाकी सारे तोच बघतो. स्वित्झर्लंडचे तसे नाही. हा देश युरोपियन युनियनचा सदस्य नसला तरी डिसेंबर २००८ पासून शेंगेन करारात आहे आणि त्याचा व्हिसा म्हणजे शेंगेन व्हिसा. तो ग्रुपला मिळत नाही, माणसाला मिळतो. तीस जणांच्या ग्रुपमध्ये अठ्ठावीस जणांना मिळून दोघांना नकार येऊ शकतो. त्या दोघांत नवरा असेल आणि बायको नसेल, असेही घडते. प्रत्येकाची फाईल वेगळी, प्रत्येकाच्या बोटांचे ठसे वेगळे.

खातेवही आधी, बॅग नंतर

फाईल पाहणारा अधिकारी मुख्यतः दोन गोष्टी शोधतो. या माणसाचा पैसा कोठून येतो आणि हा माणूस परत जाईल का? या दोन्ही सवालांचे जवाब तोंडी द्यायचे नसतात. ते आयकराच्या विवरणपत्रांत, बँकेच्या उताऱ्यात, जीएसटीच्या नोंदणीत आणि भागीदारीच्या दस्तऐवजात दिसावे लागतात. आपल्या धंद्याची खरी अडचण येथेच आहे. दुकानात माल भरलेला, उधारी लाखोंची, घर स्वतःचे, शब्दाला बाजारात किंमत, पण कागदावर मात्र माणूस गरीब! निम्मी उलाढाल रोखीची, विवरणपत्र कराच्या मर्यादेला जेमतेम टेकलेले आणि बँकेतील शिल्लक महिनाभर चार आकड्यांच्या पुढे नाही. असा माणूस चौघांच्या कुटुंबाचा युरोपचा खर्च कोठून करणार, असे अधिकाऱ्याला वाटले तर त्याचा दोष काय?

मग सल्ला देणारे भेटतात. भावाकडून, व्याह्याकडून पाच लाख घेऊन खात्यात भरा, व्हिसा झाला की परत करा. आमच्या बाजारात हा प्रकार आम्ही पाहिला आहे आणि त्याचा निकालही पाहिला आहे. सहा महिन्यांच्या उताऱ्यात अर्जाच्या आठ दिवस आधी अचानक आलेली मोठी रक्कम सर्वांत आधी डोळ्यात भरते. त्यापेक्षा कमी पण नेमाने फिरती शिल्लक चांगली. स्वित्झर्लंडमध्ये स्वखर्चाने राहणाऱ्यासाठी दिवसाला माणशी सुमारे १०० फ्रँक हा अंदाज धरला जातो. टूरची रक्कम आधीच भरली असेल तर तिची पावती, हॉटेलांची यादी आणि परतीचे तिकीट यांनी बाजू मजबूत होते. म्हणून ज्याला पुढील वर्षी जायचे आहे त्याने यंदाच विक्री खात्यातून फिरवावी आणि विवरणपत्र वेळेवर भरावे. कारागीर बांधवांनी उद्यम नोंदणी करून घ्यावी. ती मोफत आहे, २०२० पासून सुरू आहे आणि धंदा अस्तित्वात असल्याचा सरकारी कागद हाती येतो. घरी जरीकाम किंवा भरतकाम करणाऱ्याजवळ बहुधा दुसरा कोणताच कागद नसतो. टूरला जायचे नसले तरी तो उपयोगी आहे, हे वेगळे सांगायला नको.

दुसरी गाठ नावांची. उर्दू शाळेच्या दाखल्यावर नाव उर्दूत, मग कोणी कारकुनाने ते इंग्रजीत आपल्या मनाने उतरवलेले. एकाच माणसाचा आधार कार्डावर ‘शेख’ एका स्पेलिंगचा, पॅन कार्डावर दुसऱ्या स्पेलिंगचा. पासपोर्टवर ‘मोहम्मद’ पूर्ण आणि बँकेत ‘मोहम्मद’चे नुसते ‘मोहद’. पत्नीच्या पासपोर्टवर आडनावाची जागाच कोरी आणि निकाहनाम्यात वडिलांचे नाव वेगळ्या वळणाचे. आपल्याला यात काही वावगे वाटत नाही, कारण आपण नाव कानाने ओळखतो. परक्या देशाचा अधिकारी ते अक्षरांनी ओळखतो. हे दुरुस्त व्हायला महिने लागतात, तेव्हा या कामाला सर्वांत आधी हात घालावा.

व्हिसाचे नियमही थोडक्यात सांगतो. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पाने कोरी हवीत. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निकाल साधारणपणे पंधरा दिवसांत येतो, पण काही वेळा पंचेचाळीस दिवसही लागतात. एप्रिल-मेच्या गर्दीत तर अर्ज देण्यासाठी तारीख मिळणेच मुश्किल होते, म्हणून पंधरा दिवसांच्या भरवशावर राहू नये. फी ११ जून २०२४ पासून ९० युरो झाली. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मी आणि त्याखालच्या मुलांना माफ आहे. शिवाय अर्ज घेणाऱ्या केंद्राचा सेवाखर्च वेगळा. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. विमा घेताना मधुमेह, रक्तदाब अशा जुन्या आजारांना तो लागू आहे की नाही हे वाचून घ्यावे. बहुतेक स्वस्त विमे तेथेच हात वर करतात.

नकार आला तर फी परत मिळत नाही आणि त्याची नोंद युरोपच्या व्हिसा प्रणालीत पाच वर्षे राहते. उलट, तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे नियमाप्रमाणे वापरले असतील तर एप्रिल २०२४ पासून भारतीयांना दोन वर्षांचा, अनेक फेऱ्यांचा व्हिसा मिळण्याची सोय झाली आहे. ज्यांना मशिनरीच्या प्रदर्शनांसाठी वारंवार युरोपला जायचे असते त्यांनी हा हिशेब डोक्यात ठेवावा. पहिली फाईल स्वच्छ गेली की पुढचा रस्ता सोपा होतो.

टूर म्हणजे माल, बिल वाचून घ्यावे

तागा घेताना आपण पन्हा पाहतो, वजन पाहतो, दोन बोटांत कापड चोळून पाहतो. टूर घेताना मात्र रंगीत चोपडी पाहून ॲडव्हान्स देतो. टूरच्या किमतीत काय आहे यापेक्षा काय नाही, हे आधी विचारावे. युंगफ्राउच्या रेल्वेचे तिकीट पुष्कळदा ‘ऐच्छिक’ या सदरात असते आणि ते स्वस्त नाही. हॉटेल ‘झुरिच’ लिहिलेले असते, पण असते शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर. संध्याकाळी बाहेर पडावे तर पडायचे कोठे? दुपारचे जेवण धरले आहे का, ड्रायव्हरची टीप वेगळी आहे का, व्हिसा नाकारला तर किती रक्कम कापणार, ग्रुप भरला नाही तर तारीख बदलणार का, ही सारी उत्तरे कागदावर घ्यावीत. फोनवरचा ‘सब हो जायेगा सेठ’ हा शब्द तकरारीच्या वेळी कामाला येत नाही.

परदेशी टूरच्या रकमेवर टूर कंपनी टीसीएस वसूल करते. गेल्या काही वर्षांत त्याचे दर अनेकदा बदलले आहेत, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा दर विचारून घ्यावा. ही रक्कम बुडत नाही, ती तुमच्या पॅनवर जमा होते आणि विवरणपत्रात वळती करून घेता येते. मात्र त्यासाठी पैसे ज्याच्या नावाने भरले त्याचेच पॅन दिलेले असले पाहिजे. एकाने चार भावांचे पैसे एकत्र भरले की पुढे हिशेबात गोंधळ होतो.

खर्चाला फ्रँक लागतात. २०२५ साली एका फ्रँकचा भाव शंभर रुपयांच्या वर गेला, तेव्हा डोक्यात सरळ शंभराने गुणावे, म्हणजे हात आपोआप आखडतो. पर्यटकांच्या दुकानांत युरो घेतात, पण सुट्टे फ्रँकमध्ये देतात आणि भाव त्यांचा असतो. साध्या हॉटेलात एका माणसाचे जेवण वीस-पंचवीस फ्रँकच्या खाली क्वचित मिळते. मोठ्या स्टेशनांवर स्वच्छतागृहाला एक-दोन फ्रँक पडतात. पाणी मात्र विकत घेऊ नये. गावोगावच्या कारंज्यांचे पाणी पिण्यायोग्य असते, नसेल तर ‘काइन ट्रिंकवासर’ अशी पाटी असते. एका दुकानात ३०० फ्रँकच्या वर खरेदी केली तर ८.१ टक्के व्हॅट परत मागता येतो. त्यासाठी दुकानातून फॉर्म भरून घ्यावा आणि निघताना विमानतळावर शिक्का मारून घ्यावा. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. म्हणून टूरच्या कार्यक्रमात खरेदीचा वेळ रविवारी ठेवला असेल तर तो ठेवून न ठेवल्यासारखाच.

खाणे, नमाज आणि पडदा

आपल्या वाचकांचे सर्वांत जास्त प्रश्न याच बाबतीत असतात. स्वित्झर्लंडमध्ये बेशुद्ध न करता जनावर कापण्याला १८९३ च्या जनमतापासून बंदी आहे. कोंबड्यांना तो नियम लागू नाही आणि बाहेरून हलाल मांस आयात करता येते. त्यामुळे झुरिच, बासेल, जिनिव्हासारख्या शहरांत तुर्की आणि बाल्कन मुसलमानांच्या दुकानांत हलाल मिळते. डोंगरातल्या गावांत ती आशा ठेवू नये. टूरवाले ‘हलाल’ म्हणतात तेव्हा बऱ्याचदा त्यांचा अर्थ ‘डुकराचे नाही’ एवढाच असतो, म्हणून हेही लेखी विचारावे. टूरवर शाकाहारी जेवण सांगून मोकळे होणे हा आमच्या मते सर्वांत निर्धास्त मार्ग. तरीही तीन-चार जर्मन शब्द पाठ करून जावेत. ‘श्वाइन’ म्हणजे डुक्कर, ‘श्पेक’ आणि ‘शिंकेन’ हेही त्याचेच प्रकार, ‘वाइन’ म्हणजे दारू. तेथील प्रसिद्ध चीज फाँड्यू शाकाहारी म्हणून पुढे येते, पण ते पांढऱ्या वाइनमध्ये शिजवतात आणि वर किर्श नावाची दारूही घालतात, हे कित्येकांना ठाऊक नसते. चॉकलेट घेतानाही आत काय भरले आहे ते वाचावे. मिग्रो हे तेथील मोठे किराणा दुकान. त्याच्या सुपरमार्केटमध्ये दारू विकायची नाही हा जुना दंडक त्याच्या सभासदांनी २०२२ मध्ये मतदान करून कायम ठेवला. फळे, दही, पाव तेथून घ्यावेत.

घरून शिदोरी नेताना खबरदारी घ्यावी. मांस आणि दुधाचे पदार्थ भारतातून नेता येत नाहीत. कबाब, खिमा, खव्याची मिठाई, पनीर घरीच ठेवावे. चिवडा, सुकी चटणी, खारे शेंगदाणे, खजूर यांनी काम भागते.

नमाजीसाठी एक गोष्ट मनात पक्की बसवावी. आपण जन्मभर पश्चिमेकडे तोंड करीत आलो. स्वित्झर्लंडमध्ये किब्ला आग्नेयेकडे येतो. थकून हॉटेलात आल्यावर सवयीने माणूस पश्चिमेला उभा राहतो. जूनमध्ये सूर्य साडेनवाच्या सुमारास मावळतो आणि इशा फार उशिरा होते, तर सकाळी सातला बस निघते. प्रवासातील कस्र, दोन नमाजा जोडण्याविषयी आपल्या मसलकात काय आहे, हे निघण्यापूर्वीच आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. बसमध्ये बसून त्यावर बहस करण्यात अर्थ नाही. बस कोणासाठी थांबत नाही, कारण तेथे ड्रायव्हरच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा आहे. वेळ गेली तर दिवसाचा शेवटचा कार्यक्रमच रद्द होतो. शुक्रवार शहरात येतो की घाटात, हे कार्यक्रमपत्रिकेत पाहावे. मशिदी शोधताना मिनार शोधू नयेत. २९ नोव्हेंबर २००९ च्या जनमतात ५७.५ टक्के मतांनी नवे मिनार बांधण्यावर बंदी आली आणि मिनार असलेल्या मशिदी देशभरात मोजून चारच होत्या. इतर मशिदी साध्या इमारतींत असतात, पत्ता आधी काढून ठेवावा.

नकाब वापरणाऱ्या भगिनींच्या घरच्यांनी ही बाब बुकिंगपूर्वी वाचावी. १ जानेवारी २०२५ पासून संपूर्ण देशात सार्वजनिक जागी चेहरा झाकण्यास मनाई आहे. दंड जास्तीत जास्त १,००० फ्रँक. विमानात, प्रार्थनास्थळात, आजारपणाच्या किंवा थंडीच्या कारणाने सूट आहे. डोक्यावरचा स्कार्फ, ओढणी, बुरख्याचा अंगरखा यांना बंदी नाही, चेहरा दिसला पाहिजे एवढेच. हा कायदा आम्हाला पटत नाही. पण पटणे वेगळे आणि परदेशात पोलिसाशी वाद घालणे वेगळे. ज्या घराला हे मान्य होणार नाही त्या घराने पैसे भरण्याआधीच दुसरा मुलूख निवडावा. बाजारात तुर्कस्तानच्या टूर कमी नाहीत.

कपड्याविषयी कापडवाल्याचे दोन शब्द

टिटलिसचे शिखर ३,२३८ मीटर, युंगफ्राउयोख ३,४५४ मीटर. खाली तळ्याकाठी शर्टावर फिरता येते आणि दोन तासांत वर बर्फ. एकच जाड कोट घेण्यापेक्षा पातळ कपड्यांचे थर चढवावेत. सुती बनियन अंगाला बरा वाटतो, पण सूत घाम पिते आणि धरून ठेवते, मग वरच्या वाऱ्यात तोच बनियन गारठा देतो. आत लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा थर्मल, मध्ये लोकरी स्वेटर किंवा फ्लीस, वर वारा अडवणारे जॅकेट. सुती कुडता-पायजमा खालच्या शहरांसाठी राखावा. बूट नवे नकोत, महिनाभर पायात घालून मऊ केलेले हवेत. युंगफ्राउयोखवर हवा विरळ असते. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वर जाऊ नये. औषधे मूळ पाकिटात, चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत ठेवावीत. आपला तीन पायांचा प्लग तेथे बसत नाही, चार्जरची सडपातळ दोन पायांची पिन बसते.

एक दिवस आपल्या धंद्यासाठी

आता ज्या कारणाने हा लेख लिहायला घेतला ते. आपले लोक बर्फ पाहतात, घड्याळ घेतात आणि परततात. ज्या देशाशी आपल्या धंद्याचे तीनशे वर्षांचे नाते आहे त्याची ओळखही होत नाही. हिंदुस्थानी चिटाच्या कापडाने युरोपला वेड लावले, तेव्हा फ्रान्सने १६८६ मध्ये त्यावर बंदी घातली. ती १७५९ पर्यंत टिकली. त्या काळात फ्रान्समधून निघालेल्या प्रोटेस्टंट कारागिरांनी जिनिव्हा आणि नुशातेल भागात तीच छपाई सुरू केली आणि त्या कापडाला नावच पडले ‘अँदिएन’, म्हणजे हिंदुस्थानी. ग्लारुसच्या खोऱ्यातील लाल रुमालावर आजही आपली कोयरी छापलेली असते. याच ग्लारुसने १८६४ मध्ये कारखान्यांसाठी बारा तासांच्या दिवसाचा कायदा केला. यंत्रमागावर बारा तासांची पाळी अजूनही चालू असलेल्या आपल्या गावांनी हे साल ऐकून ठेवावे.

विंटरथुरच्या व्होलकार्ट बंधूंनी १८५१ मध्ये एकाच वेळी विंटरथुर आणि मुंबईत पेढी उघडून कापसाचा व्यापार मांडला. १९५४ मध्ये टाटांबरोबर त्यांची कंपनी निघाली, तीच आपली व्होल्टास. इचलकरंजीकर ज्याला नुसते ‘सुल्झर’ म्हणतात तो मागही विंटरथुरचाच, १९५३ पासूनचा.

पण आपल्या दृष्टीने खरे गाव सेंट गॅलन. झुरिचपासून रेल्वेने सुमारे एक तास. बाजारात आपण ज्याला हकोबा म्हणतो ते शिफली भरतकाम ज्या यंत्रावर होते ते इसाक ग्रोब्ली यांनी १८६३ मध्ये याच भागात तयार केले. शिफली म्हणजे लहान नाव, नावेच्या आकाराच्या धोट्यावरून पडलेला शब्द. १९१० च्या सुमारास भरतकाम हा स्वित्झर्लंडच्या निर्यातीतला सर्वांत मोठा माल होता. मग पहिले महायुद्ध आले, फॅशन बदलली आणि हजारो घरांतली यंत्रे बंद पडली. कित्येक मोडीतही गेली. जे टिकले त्यांनी स्वस्त मालाशी शर्यत सोडून दिली आणि उंची लेस, बारीक वायल यांत नाव राखले. येथील कापड संग्रहालयात जुन्या नमुन्यांची पुस्तके ठेवली आहेत. घरोघरी भरतकाम करणाऱ्या एका मुलखाचे काय झाले, हे आपल्या जरी कारागिरांनी तेथे जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे असे आम्हाला वाटते.

तयार टूरमध्ये सेंट गॅलन नसते. एकट्याने मागितले तर टूरवाला हसतो. पण एकाच बाजारातील वीस-पंचवीस व्यापारी एकत्र बुकिंग करीत असतील तर गिऱ्हाईक आपण आहोत. अर्धा दिवस खरेदीचा कापून तेथे बस न्या, असे बुकिंगच्या वेळीच लिहून घ्यावे आणि त्या दिवशी संग्रहालय उघडे आहे का याची खात्री करावी. कोणा कारखानदाराला भेटायचे, सौदा बोलायचा असेल तर मात्र ते फाईलमध्ये हेतू म्हणून लिहावे आणि त्याचे निमंत्रणपत्र जोडावे. पर्यटन लिहून सौदा करायला जाऊ नये. सोबत एक वही आणि ताणा-बाणा मोजायचे भिंग न्यावे. भिंग हातातल्या बॅगेत चालते, कात्री मात्र मोठ्या बॅगेत टाकावी.